देखभाल-तंत्रज्ञाचे पीएलसी प्रशिक्षण : निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज किंवा बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींमधील बहुतेक स्वयंचलित यंत्रांच्या पॅनेलमध्ये आज प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेला 'पीएलसी', बसविलेला असतो. त्याचे शिक्षण देणाऱ्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, नियंत्रक बनविणाऱ्या कंपन्यांची स्वतःची केंद्रे आहेत आणि गल्लोगल्ली निघालेले खाजगी वर्गही आहेत. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बी. व्होक. पदवीची योजना आणल्यानंतर पारंपरिक महाविद्यालयांचाही या क्षेत्राशी संबंध आला. त्यामुळे हा विषय केवळ कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाचा राहिलेला नाही. अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्या प्राध्यापकवर्गाचाही तो आहे.

कारखान्यात आधीपासून काम करणाऱ्या तंत्रज्ञासाठी, म्हणजे इलेक्ट्रिशियन वा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक या व्यवसायाचे प्रमाणपत्र घेऊन शिफ्टमध्ये यंत्रे चालती ठेवणाऱ्या माणसासाठी, अभ्यासक्रम निवडायचा झाल्यास सामान्यतः तीन प्रश्न विचारले जातात. प्रशिक्षण कोणत्या कंपनीच्या नियंत्रकावर आहे? किती दिवसांचे आहे? प्रमाणपत्र कोणाचे मिळणार? हे तिन्ही प्रश्न गैरलागू नाहीत. परंतु ते दुय्यम आहेत. अभ्यासक्रम प्रोग्रॅम लिहावयास शिकवितो की चालू यंत्रातील बिघाड शोधावयास, हा मूळ प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

नियंत्रक कोणासाठी जन्मला?

या प्रश्नाचे महत्त्व पीएलसीच्या जन्मकथेतच दिसते. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंनी खच्चून भरलेल्या पॅनेलांना पर्याय शोधण्यास प्रारंभ केला. मोटारीचे मॉडेल बदलले की शेकडो रिलेंची जोडणी उसवून पुन्हा करावी लागे आणि त्यात उत्पादन थांबून राही. याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या संस्थेत डिक मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनी जे उपकरण घडविले, ते 'मॉडिकॉन ०८४' म्हणून ओळखले गेले. ०८४ हा त्या संस्थेच्या प्रकल्पांचा अनुक्रमांक होता. या उपकरणाच्या आत संगणक होता, पण त्याला संगणकाची भाषा दिली गेली नाही. रिलेच्या विद्युत्-आकृतीसारखी दिसणारी लॅडर आकृती त्याची भाषा झाली. कारण कारखान्यातील वायरमन ती आकृती आधीपासून वाचू शकत होता.

म्हणजेच पीएलसीची लॅडर ही मुळात देखभाल करणाऱ्या माणसाशी केलेली तडजोड होय. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या ६११३१-३ या मानकाने पाच भाषांना मान्यता दिली, त्यातही लॅडर टिकून राहिली ती याच कारणाने. पुढे प्रशिक्षणाच्या बाजारात मात्र हा संदर्भ हरवला. नियंत्रक हा 'प्रोग्रॅमिंग'चा विषय ठरला, आणि ज्याच्यासाठी त्याची भाषा बेतली गेली तोच माणूस नवशिक्या प्रोग्रॅमर म्हणून वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसला.

कोऱ्या पडद्याचे अध्यापन

प्रचलित अभ्यासक्रमांचा साचा फारसा बदलत नाही. आरंभी आकडेपद्धती आणि लॉजिक गेट. मग टायमर व काउंटर. त्यानंतर चौकातील सिग्नल, बाटल्या भरण्याचे यंत्र, तीन मजल्यांची लिफ्ट आणि स्टार-डेल्टा स्टार्टर. शेवटी एक 'प्रकल्प'. प्रत्येक पाठाची सुरुवात कोऱ्या पडद्याने होते आणि सिम्युलेटरवर हिरवे दिवे लागले की शेवट. पदविकेच्या नव्या विद्यार्थ्यासाठी हा क्रम वाईट नाही. कारखान्यातील तंत्रज्ञासमोर मात्र कोरा पडदा जवळपास कधीच येत नाही. त्याच्यासमोर येतो तो दुसऱ्याने, बहुधा परदेशातील यंत्र-उत्पादकाच्या अभियंत्याने, दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला शेकडो ओळींचा प्रोग्रॅम. आणि तो प्रोग्रॅम बहुतांशी बरोबरच असतो. कालपर्यंत चाललेले यंत्र आज थांबले तर प्रोग्रॅम आपोआप चुकीचा झाला, असे क्वचितच घडते. दोष असतो तो नियंत्रकाच्या बाहेर: तेलकट झालेल्या प्रॉक्झिमिटी सेन्सरमध्ये, टर्मिनलमधून सुटलेल्या तारेत, अडकलेल्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये किंवा ट्रिप झालेल्या ओव्हरलोड रिलेत.

सिम्युलेटरमध्ये तार सुटत नाही. या एका उणिवेचे परिणाम किती दूरवर जातात, हे थांबविण्याच्या बटणाच्या उदाहरणावरून पाहता येते. यंत्र थांबविण्याचे बटण नेहमी अशा संपर्कावर जोडतात की जो एरवी जुळलेला असतो आणि बटण दाबल्यावर तुटतो. त्यामागचा हेतू सुरक्षिततेचा आहे. तार तुटली तरी बटण दाबल्यासारखेच होऊन यंत्र थांबावे. याचा अर्थ, बटण न दाबलेल्या स्थितीत नियंत्रकाच्या इनपुटवर २४ व्होल्ट असतात आणि त्या इनपुटचे मूल्य १ असते. म्हणून लॅडरमध्ये या बटणासाठी साधे, आडव्या रेघेविना असलेले संपर्क-चिन्ह वापरावे लागते. हे चिन्ह 'मूल्य १ आहे काय?' एवढेच विचारते. बटणाची बांधणी कोणती, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सिम्युलेटरवर माउसने 'दाबलेले' बटण मात्र दाबल्यावर १ होते. परिणामी तेथे आडव्या रेघेचे उलटे चिन्ह घालून प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. विद्यार्थी जे शिकून बाहेर पडतो ते प्रत्यक्षाच्या नेमके उलट असते. खऱ्या पॅनेलसमोर उभा राहिल्यावर त्याला आधीचा प्रोग्रॅमच चुकीचा वाटू लागतो, आणि ही समजूत 'दुरुस्ती'पर्यंत गेली तर तार तुटल्यावरही न थांबणारे यंत्र तयार होते.

मराठीतून शिकविताना येथे आणखी एक पेच आहे. 'बंद' या शब्दाचे दोन अर्थ परस्परविरोधी आहेत. दिवा बंद म्हणजे प्रवाह नाही. पण संपर्क बंद म्हणजे टोके जुळलेली, प्रवाह चालू. 'एरवी बंद असणारा संपर्क' असे शब्दशः भाषांतर करणारी पाठ्यपत्रिका विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला गोंधळात टाकते. 'जुळलेला' आणि 'तुटलेला' हे साधे शब्द योजले तर हा पेच उद्भवतच नाही. बरेच अनुभवी वायरमन ते शब्द आधीपासून वापरतात; पुस्तकी परिभाषेने मात्र त्यांच्याकडे लक्ष दिलेले नाही.

बिघाड-शोधाचे स्वरूप

बिघाड शोधणे ही अंगभूत हातोटी आहे, ती शिकविता येत नाही, असा एक युक्तिवाद कोऱ्या पडद्याच्या समर्थनार्थ केला जातो. संशोधनाचा दाखला याच्या विरुद्ध आहे. १९७४ मध्ये डेन्मार्कच्या रिसो संशोधन केंद्रातील जेन्स रासमुसेन आणि ए. जेन्सेन यांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. थोड्या मोजमापांवरून खोल तर्क करीत दोषापर्यंत पोहोचणे, ही अभियंत्याला आदर्श वाटणारी रीत हे तंत्रज्ञ क्वचित वापरीत. ते संकेताच्या मार्गाने सरकत, ठिकठिकाणी 'येथवर ठीक, येथे नाही' अशा झटपट तपासण्या करीत दोषाचे क्षेत्र आवळत आणीत. अभियंत्याच्या दृष्टीने ही पद्धत उधळी; तंत्रज्ञाच्या दृष्टीने मात्र ती डोक्यावरील भार कमी करणारी आणि अनेक प्रकारच्या उपकरणांना लागू पडणारी, म्हणून काटकसरीचीच. पद्धत ओळखता येते, तिला नाव देता येते. तेव्हा ती शिकविताही येते.

पीएलसीने या पद्धतीला एक उत्तम साधन दिले आहे. सिलिंडर पुढे जात नसेल तर प्रथम आउटपुट कार्डावरील दिवा पाहावा. दिवा लागलेला असेल तर प्रोग्रॅमने आपले काम केले आहे. मल्टिमीटर घेऊन फ्यूज, तार, व्हॉल्व्ह आणि हवेचा दाब यांकडे वळावे. दिवा लागला नसेल तर लॅपटॉपवर त्या आउटपुटची लॅडरमधील ओळ उघडावी, कोणता संपर्क जुळलेला नाही ते पाहावे आणि त्याचा माग काढीत मागे जावे. शेवटी बहुधा एखादे इनपुट सापडते आणि प्रश्न पुन्हा पॅनेलबाहेर, सेन्सरपाशी, येतो. लॅडर डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. देखभालीत ती उजवीकडून डावीकडे वाचावी लागते. वाचनाचा हा क्रम सरावाने घडवून घेणारा अभ्यासक्रम मिळणे विरळा.

अॅनालॉग संकेतांबाबतही असेच आहे. ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत सीमेन्सच्या नियंत्रकात ० ते २७६४८ या आकड्यांत उमटतो, हे वर्गात पाठ होते. परंतु आकडा उणे दिसू लागला तर प्रवाह ४ मिलिअँपिअरच्या खाली गेला आहे, अर्थात तार किंवा ट्रान्समीटर यांपैकी काहीतरी निकामी आहे, हे अनुमान काढण्यासाठी वर्गात एखादी तार प्रत्यक्ष तोडून दाखवावी लागते.

लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये 'आयर्नीज ऑफ ऑटोमेशन' या निबंधात जी विसंगती मांडली, ती येथे तंतोतंत लागू पडते. यंत्रणा जितकी विश्वासार्ह, तितका तिच्याशी झगडण्याचा माणसाचा सराव कमी. आणि नेमक्या दुर्मीळ, अवघड प्रसंगी त्याच्याकडून कौशल्याची अपेक्षा. वर्षातून दोनदा थांबणाऱ्या यंत्रावर कोणी तंत्रज्ञ तयार होऊ शकत नाही. म्हणून मुद्दाम घडविलेले बिघाड हा प्रशिक्षणाचा गाभा असावयास हवा; वेळ उरल्यास घ्यावयाचा पूरक पाठ म्हणून त्यांना स्थान देणे पुरेसे नाही.

प्रोग्रॅम लिहिणे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्याने कधी एक ओळही लिहिली नाही त्याचे वाचनही अडखळते. सेल्फ-होल्डिंग, टायमर, काउंटर आणि एखादी छोटी क्रमवार साखळी स्वतः लिहून पाहिल्याविना प्रोग्रॅममधील चलनवलन समजत नाही. एकच आउटपुट दोन ठिकाणी लिहिले तर शेवटच्या ओळीचाच अंमल का चालतो, हे चूक करून पाहिल्याखेरीज पटत नाही. वाद प्रमाणाचा आहे. चाळीस तासांपैकी पस्तीस तास लेखनात जात असतील, तर तो अभ्यासक्रम देखभाल-तंत्रज्ञासाठी नाही, मग माहितीपत्रकात काहीही छापलेले असो.

कंपनीच्या नावाचा मोह

नियंत्रक कोणत्या कंपनीचा, या प्रश्नाला अवाजवी महत्त्व मिळाले आहे. 'पाच कंपन्यांचे पीएलसी एकाच अभ्यासक्रमात' अशी जाहिरात आकर्षक वाटते. पण नोकरी शोधणाऱ्याची गरज आणि नोकरीत असलेल्याची गरज यांत ती फरक करीत नाही. नोकरीतील तंत्रज्ञाला आपल्या कारखान्यात प्रत्यक्ष कोणते नियंत्रक आहेत, याची यादी करून निघणे शक्य असते. ती यादी अनेकदा आश्चर्य वाटावे अशी जुनी निघते. अॅलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ हा १९८६ मध्ये आला आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. सीमेन्सच्या एस७-३०० मालिकेला टप्प्याटप्प्याने निरोप देण्यास २०२३ मध्ये आरंभ झाला. उत्पादकाने निवृत्त केलेला नियंत्रक कारखान्यात मात्र वर्षानुवर्षे राबत असतो. प्रशिक्षण केंद्रे साहजिकच नवे मॉडेल आणि नवे सॉफ्टवेअर शिकवितात.

या दोहोंमधील दरी केवळ पडद्याच्या मांडणीची नाही. अनेक जुन्या नियंत्रकांत प्रोग्रॅम बॅटरीच्या आधाराने स्मृतीत राहतो. वीज बंद करून बॅटरी बदलली तर प्रोग्रॅम पुसला जाण्याचा धोका असतो. जुन्या नियंत्रकातून प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून घेतला तर टिपणे व नावे येत नाहीत, उघडे पत्ते तेवढे हाती लागतात. नव्या पिढीच्या नियंत्रकांत ती साठविण्याची सोय आहे. जुना बॅकअप घाईने यंत्रावर चढविला तर मधल्या काळात बदललेल्या वेळा आणि मापे पुसली जातात आणि यंत्र चालू होऊनही माल खराब निघू लागतो. बॅकअप, त्याची तारीख आणि त्याची पडताळणी या विषयाला किती तास दिले आहेत, एवढे एक विचारले तरी अभ्यासक्रमाची पारख बरीचशी होते.

आयात यंत्रांच्या बाबतीत भाषेची अडचण वेगळ्याच वाटेने येते. जर्मन यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये 'नॉट-आउस' असे टिपण असते. इंग्रजीच्या सवयीने 'नॉट' म्हणजे नकार असे वाचले जाते. वास्तविक तो आणीबाणीच्या थांब्याचा निर्देश होय. सीमेन्सच्या जर्मन संक्षेपांत इनपुटला 'ई' आणि आउटपुटला 'ए' हे अक्षर असते, तर आंतरराष्ट्रीय संक्षेपांत 'आय' आणि 'क्यू'. तेच 'ए' हे अक्षर इंग्रजी संक्षेपांच्या विधान-सूचीत 'आणि' या क्रियेसाठी येते. एवढे सांगण्यास दहा मिनिटे पुरतात. न सांगितल्यास एखादी रात्रपाळी त्यातच जाते.

सुरक्षिततेचा तास

अभ्यासक्रमांच्या चिकित्सेत सर्वांत गंभीर आक्षेप घ्यावा लागतो तो येथे. पीएलसीच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादे इनपुट वा आउटपुट बळाने १ किंवा ० करून ठेवण्याची, म्हणजे 'फोर्स' करण्याची, सोय असते. बहुतेक वर्गांत ती मोठ्या कौतुकाने दाखविली जाते. कारण सेन्सर नसतानाही प्रोग्रॅम पुढे सरकताना दिसतो. कारखान्यात याच सोयीने प्रेसच्या संरक्षक दाराचा स्विच 'लागलेला' दाखविता येतो. उत्पादनाचा तगादा असतो, सुटा भाग उद्या येणार असतो, फोर्स तसाच राहतो आणि शिफ्ट बदलते. पुढच्या शिफ्टमधील माणूस दार उघडून हात आत घालतो तेव्हा यंत्र थांबेल, हे त्याने गृहीत धरलेले असते.

तारेचा तुकडा टाकून स्विच डावलण्याची जुनी वाईट खोड निदान पॅनेल उघडल्यावर डोळ्यांना दिसत असे. फोर्स सॉफ्टवेअरमध्ये दडलेला असतो. नियंत्रकावर त्याचा सूचक दिवा असला तरी त्याचा अर्थ ठाऊक असणारा माणूस समोर हवा. तेव्हा फोर्स कसा करावा, यापेक्षा कोणते संकेत कदापि फोर्स करू नयेत, केलेल्या फोर्सची नोंद कोठे करावी, तो काढल्याची खात्री कोणी करावी आणि यंत्राची वीज व हवा कुलूपबंद केल्याशिवाय आत का शिरू नये, हे आधी शिकविले पाहिजे. ज्या अभ्यासक्रमात याला स्वतंत्र तास नाही तो, इतर बाबतींत कितीही समृद्ध असला, तरी तंत्रज्ञाच्या हाती धोका देऊन मोकळा होतो.

पारख कशी करावी?

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम या चार पायऱ्या सुचविल्या. प्रत्यक्षात गाडी पहिल्या पायरीवरच थांबते. शेवटच्या दिवशी अभिप्रायपत्र भरून घेतले जाते, समूहछायाचित्र निघते, प्रमाणपत्रे वाटली जातात. महाविद्यालयांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम याला अपवाद आहेत असे म्हणता येत नाही; तेथे तर अभ्यासक्रमांची आणि लाभार्थ्यांची संख्या हेच साध्य होऊन बसते.

निवड करणाऱ्याने माहितीपत्रक बाजूला ठेवून प्रयोगशाळा पाहावी. तेथे खरे सेन्सर, रिले, मोटार आणि टर्मिनलची पट्टी आहे काय? शिक्षकाला लपविलेल्या खिट्टीने बिघाड निर्माण करता येतो काय? अंतिम परीक्षेत उमेदवारासमोर अनोळखी प्रोग्रॅम आणि बंद पडलेले यंत्र ठेवतात, की पुन्हा बाटल्या भरण्याचेच यंत्र? शिकविणाऱ्याने स्वतः कारखान्यात रात्रपाळी काढली आहे काय, हाही प्रश्न उद्धट मानू नये. ज्युलियन ऑर यांनी १९९६ च्या 'टॉकिंग अबाउट मशीन्स' या ग्रंथात छायाप्रत-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचे वर्णन केले आहे. त्यांचे बरेचसे ज्ञान पुस्तिकांतून नव्हे, तर एकमेकांना सांगितलेल्या बिघाडांच्या कथांतून वाहत असे. वेगवेगळ्या कारखान्यांतील तंत्रज्ञ एकत्र बसतात अशा वर्गात चहाच्या सुट्टीलाही अध्यापनमूल्य असते, ते या कारणाने. दूरस्थ चित्रफितींच्या अभ्यासक्रमाला हा लाभ नाही; परंतु शिफ्टमुळे वर्गाला जाऊच न शकणाऱ्यास तो नाकारणेही अन्यायाचे होईल.

प्रशिक्षणानंतर काय होते, हा प्रश्न संस्थेच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. अनेक कारखान्यांत पीएलसीचे सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपवर असते, तो अभियंत्याच्या कपाटात कुलपात असतो आणि अभियंता सायंकाळी घरी जातो. तंत्रज्ञाने प्रोग्रॅम बदलू नये, ही भीती निराधार नाही. पण बदलण्याची मुभा आणि पाहण्याची मुभा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि बऱ्याच नियंत्रकांत संकेतशब्दाच्या साहाय्याने त्या वेगळ्या ठेवता येतात. केवळ पाहण्याची मुभा मिळाली नाही, तर शिकलेली लॅडर दोन-तीन महिन्यांत विसरली जाते आणि यंत्र थांबल्यावर पूर्वीसारखाच बाहेरच्या माणसाला फोन जातो. तंत्रज्ञाला प्रशिक्षणासाठी पाठविणाऱ्या कारखान्याकडून प्रवेशाच्या वेळीच संस्थेने लेखी मागून घ्यावे अशा दोन गोष्टी आहेत: त्याच्या विभागातील यंत्रांच्या प्रोग्रॅमच्या प्रती, वर्गात वाचण्यासाठी, आणि परतल्यावर रात्रपाळीतही त्या यंत्रांचा प्रोग्रॅम पाहण्याची परवानगी.